आईच्या हातांना झेपेल असं पिस्तूल

वाचकांचे प्रश्न, पिस्तूल प्रशिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : ताई, माझी आई ७६ वर्षांची आहे आणि एकटी राहते. घरात बाबांचं ९ मिमी पिस्तूल आहे. कायद्याची सगळी पूर्तता झालेली आहे. बाबा होते तोवर ते तेच हाताळायचे, आता आईला स्वतःसाठी काहीतरी हवंय. पण तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे. बाटलीचं घट्ट झाकण तिला उघडत नाही आणि पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे मागे ओढायचा वरचा सरकता भाग, तर जागची हलत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, "वयस्कर बाई आहेत ना, मग लहानसं रिव्हॉल्व्हर घ्या." हे बरोबर आहे का? नेमकं काय घ्यावं?

उत्तर : ताई म्हणालात, तर मोठ्या बहिणीसारखं स्पष्टच सांगते. लहानसं रिव्हॉल्व्हर घेऊ नका. हा सल्ला देणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण ज्या हातांसाठी तो दिला जातो त्याच हातांना तो सगळ्यात जास्त छळतो.

रिव्हॉल्व्हर दिसायला सोपं असतं. स्लाइड नाही, मुठीत बसवायचं काडतुसांचं मॅगझिन नाही, काडतुसं भरायची आणि चाप ओढायचा. पण तो चाप ओढताना आतली स्प्रिंग दाबली जाते, काडतुसावर आदळणारा घोडा मागे जातो, काडतुसांचं सिलिंडर एक घर पुढे फिरतं आणि हे सगळं काम एकट्या तर्जनीला करावं लागतं. अशा डबल अ‍ॅक्शन चापाला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. खिशात मावणारं हलकं रिव्हॉल्व्हर स्वतः जेमतेम चारशे-साडेचारशे ग्रॅमचं. वस्तूच्या वजनाच्या दहापट जोर एका बोटाने लावायचा आणि तेवढ्या वेळात नळी लक्ष्यावरून ढळू द्यायची नाही, हे निरोगी हातालाही शिकावं लागतं.

त्यात धक्का. शस्त्र जितकं हलकं तितका तो हाताला जास्त लागतो. छोट्या रिव्हॉल्व्हरची मूठ आखूड असते, करंगळीला जागाच उरत नाही आणि सगळा मार तळव्यावर, नेमका अंगठ्याच्या मुळाशी बसतो. तुमच्या आईंचं दुखणं तिथेच आहे. पहिलं सिलिंडर रिकामं झालं की असा हात पुन्हा सरावाला यायला तयार होत नाही. मग ते शस्त्र कपाटात पडून राहतं, आणि सराव नसलेल्या माणसाच्या घरातलं भरलेलं शस्त्र मला सगळ्यात जास्त घाबरवतं.

कोणी सुचवेल की घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवायचा, मग चाप दीड-दोन किलोचाच उरतो. ते खरं आहे. पण दुखणारा तोच अंगठा. शिवाय गोळी झाडायची वेळ आलीच नाही, तर ताणलेला घोडा अलगद खाली आणायलाही त्याच अंगठ्यावर भरवसा ठेवावा लागतो. भीतीने हात थरथरत असताना तो निसटला तर गोळी सुटते. म्हणून हा मार्ग मी अशा हातांना शिकवत नाही. पुष्कळ छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आतच झाकलेला असतो, तिथे तर हा प्रश्नच येत नाही.

आता कोणतं घ्यावं याच्या आधी एक कसोटी सांगते. हिच्यावर मी कोणासाठीही, कितीही गयावया केली तरी, तडजोड करत नाही. आईंना ते शस्त्र दुसऱ्या कोणाच्याही मदतीशिवाय रिकामं करता आलं पाहिजे. लोक फक्त झाडण्याचा विचार करतात. पण रात्री खडखड झाली, आईंनी पिस्तूल हातात घेतलं, भरलं, आणि बाहेर कोणीच नव्हतं असं कळलं, तर? शंभरातल्या जवळजवळ सगळ्या रात्री अशाच संपतात. तेव्हा चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यातली, गोळी काढून ते पुन्हा सुरक्षित करायचं काम त्यांनाच करायचं आहे. ते जमत नसेल तर सकाळपर्यंत भरलेलं शस्त्र टेबलावर पडून राहील, नाहीतर शेजाऱ्याला बोलवावं लागेल. दोन्ही नकोत.

कसोटी अशी घ्या. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, खरं एकही काडतूस खोलीत नसताना, डमी काडतुसं वापरून. मॅगझिन आईंनी स्वतः भरायचं, बसवायचं, स्लाइड ओढून काडतूस चेंबरमध्ये न्यायचं, चाप ओढायचा. मग मॅगझिन काढायचं, स्लाइड पुन्हा ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर टाकायचं, स्लाइड मागे अडकवायची आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं, शिवाय करंगळी घालून चाचपायचं. क्रम लक्षात ठेवा : आधी मॅगझिन, मग चेंबर. उलटं केलं तर स्लाइड पुढे जाताना दुसरं काडतूस आत घेऊन बसते, आणि हाताळणाऱ्याला वाटतं पिस्तूल रिकामं आहे.

आणि ही कसोटी चांगल्या दिवशी घेऊ नका. संधिवाताचे हात झोपेतून उठल्यावर सगळ्यात जास्त आखडलेले असतात, थंडीत आणखीच. दुपारी तासभर बोटं हलवून मोकळी झाली की जमणारी गोष्ट पहाटे तीन वाजता जमत नाही. त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या, घरीच, प्रशिक्षकाला बोलावून, रिकाम्या पिस्तुलावर ही हाताळणी एकदा करून पाहा. त्या वेळी जे जमेल तेच खरं.

स्लाइडबद्दल एक आशेची गोष्ट आहे. "मला ओढताच येत नाही" म्हणणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांची अडचण ताकदीची नसते, पद्धतीची असते. बहुतेक जण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइडचं मागचं टोक धरतात आणि मागे ओढतात. संधिवात झालेल्या अंगठ्याला यापेक्षा वाईट पकड नाही. त्याऐवजी पिस्तूल छातीजवळ घ्या. हात लांब केला की जोर निघून जातो. नळी सुरक्षित दिशेलाच राहील असं शरीर थोडं तिरकं करा, आणि स्वतःचं कोपर किंवा शेजारचा माणूस नळीसमोर येत नाही ना ते पाहा. चापावरचं बोट बाहेर. आता दुसऱ्या हाताचा पंजा स्लाइडवर पालथा ठेवा, चारही बोटांनी एका बाजूने आणि तळव्याच्या टाचेने दुसऱ्या बाजूने आवळा. अंगठ्याला काहीच काम द्यायचं नाही. तो पंजा तिथेच घट्ट थांबवायचा आणि मूठ धरलेल्या हाताने पिस्तूल झटक्यात पुढे ढकलायचं. ओढण्यापेक्षा ढकलण्यात खांदा आणि पाठ मदतीला येतात. शेवटी पंजा एकदम सोडून द्यायचा, स्लाइडला हाताने पोचवायला जायचं नाही, नाहीतर काडतूस अर्धवट अडकतं.

बाबांचं ९ मिमी बाहेरून घोडा दिसणाऱ्या प्रकारातलं असेल तर आणखी एक युक्ती आहे. स्लाइड मागे नेताना हाताला दोन स्प्रिंगांशी झुंजावं लागतं, एक स्लाइडची स्वतःची आणि दुसरी घोड्याची. घोडा आधीच मागे केलेला असला तर दुसरीचा विरोध राहत नाही आणि फरक ताबडतोब कळतो. रिकाम्या पिस्तुलावर करून पाहा. नवीन काही घ्यायच्या आधी याच पिस्तुलावर ही पद्धत आठवडाभर शिकवा. कदाचित नवीन घ्यावंच लागणार नाही.

तरीही जमलं नाही, तर मी सगळ्यात आधी स्मिथ अँड वेसन कंपनीचं .३८० कॅलिबरचं, म्हणजे त्या मापाच्या काडतुसाचं, शील्ड ईझेड हातात द्यायला सांगेन. २०१८ साली ते बाजारात आलं आणि अशक्त हातांचा विचार करूनच बनवलेलं आहे. त्याचा घोडा आत झाकलेला, स्लाइडची स्प्रिंग मऊ, वजन अर्ध्या किलोच्या जरा वर, मूठ पूर्ण हात बसेल एवढी. मॅगझिनच्या बाजूला बटण आहे, ते खाली दाबून धरलं की आठ काडतुसं फारसा जोर न लावता बसतात. चाप हलका आणि आखूड. चेंबरमध्ये काडतूस आहे की नाही हे वर उचललेल्या छोट्या पट्टीवरून अंधारातही बोटाला कळतं.

त्यात एक गोष्ट मात्र तपासायलाच हवी. मुठीच्या मागच्या बाजूला एक सेफ्टी आहे, तळव्याने ती दाबली गेली तरच गोळी सुटते. संधिवाताचा हात कधी कधी मूठ वरपर्यंत घट्ट धरत नाही, तळवा आणि मूठ यांच्यात पोकळी राहते आणि चाप ओढूनही काही होत नाही. एका हाताने, दोन्ही हातांनी, घाईत उचलून, अशा सगळ्या प्रकारे रिकामंच करून पाहा. सेफ्टी दर वेळी दबली पाहिजे.

याच घराण्यातलं ९ मिमी ईझेड २०२० मध्ये आलं आणि इक्वलायझर २०२२ मध्ये. स्लाइड दोन्हींची सोपीच आहे, धक्का मात्र .३८० पेक्षा जास्त. कोणी वापरलेलं ९ मिमी ईझेड देऊ केलं तर बनावटीची तारीख विचारा. मार्च ते ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या पिस्तुलांच्या घोड्याबद्दल कंपनीनेच सुरक्षेची सूचना काढली होती. क्रमांक पडताळून, दुरुस्ती झाली असेल तरच हात लावा. रूगरचं सिक्युरिटी-३८०, २०२३ सालचं, हेही हलक्या स्लाइडचं आणि भरगच्च मुठीचं आहे. वॉल्थरच्या सीसीपीमध्ये गोळीच्याच वायूच्या दाबाने स्लाइड काही क्षण रोखली जाते, त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता येते. ही सगळीच धरून पाहावीत. हातांचं काही सांगता येत नाही, एकीला जे लोण्यासारखं वाटतं ते दुसरीला हलत नाही.

एका सापळ्यापासून जपा. काडतूस छोटं म्हणजे स्लाइडही हलकी, असं लोक गृहीत धरतात. जुन्या घडणीच्या कित्येक .३८० पिस्तुलांमध्ये, वॉल्थर पीपीके हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं, नळी आणि स्लाइड यांना एकत्र बांधणारी कडी नसते. गोळी बाहेर पडेपर्यंत चेंबर बंद ठेवायचं काम फक्त स्लाइडचं वजन आणि ताठ स्प्रिंग करतात. म्हणून ही देखणी, छोटी पिस्तुलं ओढायला मोठ्या ९ मिमीपेक्षाही जड जातात. बाजारातली अगदी चिमुकली ९ मिमी पिस्तुलं वेगळ्या कारणाने तशीच. स्लाइड हलकी आणि आखूड, मग स्प्रिंग ताठ. अशक्त हातांना मध्यम किंवा मोठं पिस्तूल जास्त मानवतं, लहान नव्हे. आईंना ते खिशात घेऊन फिरायचं नाही, घरात ठेवायचंय. मग आकार लपवायची गरजच काय?

स्लाइड कुठल्याच उपायाने हलली नाही तर शेवटचा मार्ग म्हणजे वर उचलणाऱ्या नळीचं पिस्तूल. बेरेटाने असे प्रकार बरीच वर्षं बनवलेत. .२२ चं बॉबकॅट, .३२ चं टॉमकॅट, .३८० चं मॉडेल ८६. गिरसानचं एमसी १४ टी हेही .३८० मध्ये तसंच. कळ दाबली की नळीचं मागचं टोक वर येतं, काडतूस थेट नळीत ठेवायचं आणि नळी खाली दाबून बंद करायची. रिकामं करतानाही पहिलं काम तेच, आधी मॅगझिन काढणं. मग नळी उचलली की चेंबर डोळ्यांसमोर उघडं. कसोटीच्या दृष्टीने हे फार चांगलं आहे. पण पहिली गोळी झाडल्यावर पुढे काडतूस अडकलं, तर पुष्कळदा स्लाइड ओढावी लागते. आणि टॉमकॅट, बॉबकॅट दिसायला गोजिरवाणे असले तरी छोटे आहेत, हाताला झटका देतात.

एक शेवटची गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. अर्धस्वयंचलित पिस्तुलाची स्लाइड नीट मागे जायला मूठ जागेवर थांबावी लागते. मनगट सैल पडलं की सगळं पिस्तूलच मागे येतं, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि रिकामं टरफल अडकून बसतं. म्हणून सरावाच्या मैदानावर खऱ्या काडतुसांनी, आईंच्याच हातून, दोन-तीन मॅगझिन लागोपाठ न अडकता गेली पाहिजेत. मुलाच्या हातात बिनतक्रार चाललं, याला काही अर्थ नाही. त्या वेळी कानांवर आवाज अडवणारे चांगले मफ असू द्या आणि दुखायला लागायच्या आधी थांबा. दुखेपर्यंत केलेल्या सरावातून हात फक्त दचकायला शिकतो.


प्रश्न : मी ७९ वर्षांचा आहे. माझ्याकडे .३८ चं पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर आहे. अलीकडे चाप ओढताना बोट थरथरतं आणि गोळी खाली जाते. मित्र म्हणतात .२२ घ्या, धक्काच नाही. कारागीर म्हणतो स्प्रिंग कापून चाप हलका करून देतो. काय करू?

उत्तर : काका, स्प्रिंग कापू देऊ नका. चाप हलका होईल, पण घोड्याचा प्रहारही हलका होईल, आणि ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी टिचकी वाजून गोळी सुटणार नाही. बनवणाऱ्या कंपनीने मान्य केलेले सुटे भाग वापरून जाणकाराने चाप गुळगुळीत केला तर ती वेगळी गोष्ट. त्यानंतर तुमच्याच काडतुसांनी भरपूर पडताळणी करायची.

.२२ बद्दल मित्रांचं अर्धंच खरं आहे. धक्का नसतोच जवळजवळ. पण .२२ मध्ये पेट घेणारं द्रव्य काडतुसाच्या तळाच्या काठात भरलेलं असतं आणि तो काठ चेचायला घोड्याला जास्त जोर लागतो. म्हणून .२२ रिव्हॉल्व्हरचा चाप बहुधा .३८ पेक्षाही जड निघतो. तुमची तक्रार धक्क्याची नाही, चापाची आहे. .२२ ने ती वाढेल. शिवाय ही काडतुसं मधूनमधून पेटत नाहीत. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस येतं, एवढा दिलासा असतो.

तुम्हाला रिव्हॉल्व्हरचीच सवय असेल तर हलकं सोडा आणि पोलादी घ्या. तीन-चार इंची नळी, मोठी रबरी मूठ, वजन पाऊण किलोच्या आसपास किंवा वर. जड शस्त्र चाप ओढताना स्थिर राहतं आणि धक्का स्वतःत जिरवतं. काडतुसं वॉडकटर प्रकारची वापरून पाहा. सपाट तोंडाची, १४८ ग्रेन वजनाच्या गोळीची, निशाणबाजीसाठी बनवलेली, .३८ मधली सगळ्यात सौम्य. जगभरचे अनेक जाणकार वृद्ध हातांसाठी घरातही तीच वापरायला सांगतात. ती भरताना जरा सावकाश, सपाट तोंडामुळे ती सिलिंडरच्या भोकाच्या कडेला अडतात. .३२ चं घराणंही विचारात घ्या. .३२७ फेडरल मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ एच अँड आर मॅग्नम आणि त्याहून मवाळ .३२ लाँग ही दोन्ही चालतात, .३८ पेक्षा धक्का कमी असतो आणि बऱ्याचदा एक गोळी जास्त मावते.

चापावर बोटाचं टोक ठेवत असाल तर ते पुढे सरकवून पहिल्या पेराच्या घडीवर चाप घ्या. जड चापाला तिथे जास्त जोर मिळतो. आधी रिकाम्या शस्त्रावर, डमी काडतुसं घालून सराव करा. पुढे कधी .२२ घेतलंच तर कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असल्याशिवाय रिकामा चाप ओढू नका, घोड्याची टोची चेंबरच्या काठावर आदळून दोन्ही खराब होतात.

एक विचारायचं राहिलं. बोट थकून थरथरतं की बधिर असतं? मधुमेहाने किंवा मानेतल्या नसेमुळे बोटाची संवेदना गेली असेल, तर चापाला बोट लागलंय की नाही हेच कळत नाही. अशा वेळी कुठलंच मॉडेल उपयोगी नाही. आधी डॉक्टरांना दाखवा आणि तोवर काडतुसं बाहेर काढून ठेवा.


प्रश्न : दुहेरी चष्म्यातून पिस्तुलाची पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, पुसट दिसते. लाल ठिपक्याची साइट लावू का?

उत्तर : लावा, पण आधी एकातून पाहून घ्या. साध्या साइटमध्ये डोळ्याला पुढची साइट, मागची साइट आणि लक्ष्य अशी तीन अंतरं सांभाळावी लागतात. वय झालं की भिंग ताठ होतं आणि जवळचं धूसर होतं. लाल ठिपका मात्र लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे नजर लक्ष्यावर ठेवायची एवढंच उरतं. ज्यांच्या बुबुळाचा आकार असमान आहे त्यांना तो ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा चांदणीसारखा फाटलेला दिसतो, मोतीबिंदू असेल तर त्याभोवती धुकं. काहींना हिरवा ठिपका बरा दिसतो. जास्तीचा फायदा असा की साइटचा डबा स्लाइडवर उंच बसतो आणि ओढताना हाताला अडकायला जागा मिळते. काही साइट मात्र अशा ओढण्यासाठी बनलेल्या नसतात, कंपनीची पुस्तिका बघून घ्या.


प्रश्न : सासूबाई ८१ वर्षांच्या. रिव्हॉल्व्हर उशाखाली ठेवतात. दारावर कुलूप आहेच म्हणतात. घरात नातवंडं येतात. त्यांना कसं समजवावं?

उत्तर : उशाखालचं शस्त्र आजच काढा. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. झोपेत हात कुठे जातो हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि नातवंडं उशा उचलतातच. लहान मूल दोन्ही अंगठे एकत्र लावून जड चापही ओढू शकतं.

पलंगाजवळ भिंतीला किंवा लाकडाला पक्का बसवलेला छोटा सेफ घ्या, मोठ्या बटणांचा, जो अंधारात बोटांनी चाचपून उघडता येईल. बोटाच्या ठशाने उघडणारे सेफ वृद्धांना दगा देतात. कातडी कोरडी आणि पातळ होते, ठसे झिजतात, यंत्र ओळखत नाही. दोन्ही सोयी असलेला घेतला तरी बटणांचीच सवय लावा. बॅटरी संपली तर वापरायची किल्ली घरात ठेवू नका, जवळच राहणाऱ्या एखाद्या जबाबदार मोठ्या माणसाकडे द्या.

सासूबाई झोपेची किंवा गुंगी आणणारी गोळी घेतात का? घेत असतील तर रात्री त्यांनी शस्त्राला हात लावायचाच नाही, असं मी म्हणेन. अर्धवट जागेपणी माणसाला ओळख पटत नाही. श्रवणयंत्र रात्री काढून ठेवलेलं असतं, "आई, मी आहे" ही हाक ऐकू जात नाही, चष्मा टेबलावर असतो. दारात कोण उभं आहे हे स्वच्छ दिसल्याशिवाय नळी त्या दिशेला वळता कामा नये. म्हणून सेफशेजारी जोरदार टॉर्च हवाच, आणि चष्माही तिथेच. टॉर्च हातात वेगळा धरायचा. शस्त्रालाच लावलेल्या दिव्याने कोण आलंय ते पाहायला गेलं तर नळीही त्याच्यावरच जाते.

त्यांना समजवताना 'तुम्हाला जमत नाही' असं म्हणू नका. एकटेपणाची भीती खरी असते, ती हसण्यावारी नेली तर त्या शस्त्र लपवून ठेवतील. भीती कमी होईल अशी कामं आधी करा. शयनगृहाचं दार आतून पक्कं बंद होईल असा अडसर, बाहेर आपोआप लागणारा दिवा, गळ्यात घालायचं मदतीचं बटण, उशाशी चार्ज केलेला फोन आणि त्यात एका बोटाने लागणारे नंबर. ठरवून टाका : खडखड झाली की आधी दार लावायचं, मग फोन. घरभर शोधत फिरायचं नाही. दार बंद करून पलंगाच्या पलीकडे बसलेल्या वृद्ध बाईला शस्त्र हातात घ्यावंच लागेल असे प्रसंग फार थोडे उरतात. बंद खोलीत झाडलेल्या गोळीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, उरलीसुरली श्रवणशक्ती त्याने जाऊ शकते. आणि गोळी पातळ भिंतीत थांबत नाही, पलीकडे कोण झोपतं हे आधीच पाहून ठेवायला हवं.


प्रश्न : वडील निष्णात नेमबाज होते. हात आता कमजोर झालेत. त्यांच्यासाठी हलकं पिस्तूल शोधतोय. पण हल्ली ते कधी कधी विसरतात, परवा मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. आई गेल्यापासून गप्पही असतात. कोणतं घेऊ?

उत्तर : कोणतंच घेऊ नका. आणि घरात आहे तेही हलवा.

तुम्ही हातांबद्दल विचारलंत, पण पत्रातलं महत्त्वाचं वाक्य पुढचं आहे. जो मुलाला क्षणभर ओळखत नाही, तो एखाद्या रात्री त्याच मुलाला घरात घुसलेला परका समजू शकतो. नेमबाजीचं कौशल्य स्मृतीच्या आधी जात नाही. हात आठवणीने बरोबर काम करत राहतात, ओळख मात्र गेलेली असते. निष्णात असल्यामुळे धोका कमी होत नाही.

दुसरी गोष्ट लिहिताना मला जड जातंय, तरी लिहिते. जोडीदार गेल्यावर गप्प झालेला वृद्ध पुरुष आणि घरातलं शस्त्र, हे एकत्र असू नये. घरात शस्त्र असलं की आत्महत्येचा धोका वाढतो, हे संशोधनाने पुन्हा पुन्हा दाखवलंय. तो विचार कित्येकदा काही मिनिटांचाच असतो, आणि त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. त्यांना सरळ विचारा, "बाबा, जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर काहीही आलं तरी या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. विसरण्याचं कारण थायरॉइड, बी १२ ची कमतरता, औषधांचा परिणाम किंवा नैराश्य हेही असू शकतं, आणि त्यांवर उपचार आहेत. "हो" असं उत्तर आलं तर मात्र आठवड्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी न्या आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका.

शस्त्र कसं न्यायचं? भांडून नको. ज्याने आयुष्यभर ते जबाबदारीने सांभाळलं त्याच्या जबाबदारीलाच हाक द्या. त्यांना म्हणा, "ते कोणाकडे जावं, हे तुम्हीच ठरवा." बरेच जुने नेमबाज या प्रश्नाला आनंदाने उत्तर देतात, एखाद्या शिष्याचं किंवा पुतण्याचं नाव घेतात. त्यांनीच ते स्वच्छ करावं, त्यांच्यासमोर रिकामं करून तपासावं आणि सोपवावं. शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात देण्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, त्यामुळे परवाना देणाऱ्या कार्यालयात आधी विचारून कागद करा. त्याला लागतील तेवढ्या दिवसांसाठी शस्त्र अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करता येतं का, तेही तिथेच विचारा. काडतुसं त्याच दिवशी वेगळी बाहेर काढा. कोटांचे खिसे, गाडीचा कप्पा, जुन्या बॅगा आणि कपाटाचा वरचा खण बघायला विसरू नका, नेमबाजांच्या घरात सुटी काडतुसं अशाच जागी सापडतात.

त्यांना नेमबाजीची ओढ असेल तर एअर पिस्तूलसुद्धा घरात ठेवू नका. क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या शेजारी बसून, नव्या मुलांची पकड कुठे चुकतेय ते सांगायला न्या.